मदत हवी आहे: फायटर पायलटच्या मानेसाठी व्यायाम

नमस्कार मंडळी, मी पुण्यात फिजिओथेरपिस्ट आहे. माझा मावसभाऊ हवाई दलात लढाऊ विमान उडवतो. परवा सुट्टीवर आला, मागून हाक मारली तर मान न वळवता अख्खा कमरेतून फिरला!

हिशेब बघा: डोकं साधारण ५ किलो, हेल्मेट आणि मास्कचे २ धरा. ९ जीला, म्हणजे विमान जोरात वळवताना वजन नऊपट भासतं तेव्हा, तेच ६३ किलो होतं. सरळ बसलं तर निभावतं, पण लढतीच्या सरावात शेपटीमागे कोण आहे ते बघायला मान मागे वळलेली असते, आणि नेमका तेव्हाच जी चढतो. आधी डोकं सीटला टेकव म्हणावं, तर दरवेळी जमत नाही म्हणतो.

तळहात कपाळाला लावून दाबायचे आयसोमेट्रिक (मान न हलवता जोर लावायचे) आणि खांद्याच्या पात्यांचे व्यायाम दिलेत. मान वळवून ताकद वाढवायला रबर बँड कधी सुरू करावा? उड्डाणाच्या दिवशी नुसता वॉर्म-अप पुरे का?

हाताला मुंग्या नाहीत, नाहीतर मीच डॉक्टरांकडे ओढत नेला असता. (स्वतःहून जाणार नाही, उडणं बंद होईल ही धास्ती.) एरोस्पेस मेडिसिनमधलं किंवा निवृत्त पायलट कोणी असेल तर सांगा ना.