मदत हवी आहे: कोलाजचा पापड होतोय!

मंडळी, आईच्या पंचाहत्तरीसाठी आमच्या गिरगावातल्या घराचं कागदी कोलाज करतेय. बाबांचं पोट जुन्या कालनिर्णयच्या पानाचं, त्यात बरोब्बर बेंबीवर संकष्टी आलीय! आजीचं लुगडं लग्नपत्रिकेचं, मांजर बेस्टच्या तिकिटांचं. (खरं सांगायचं तर मांजरच सगळ्यात छान जमलंय.)

पण या पावसाळी हवेत पांढरा गोंद लावला की पातळ कागदाला फुगे येतात, पुठ्ठा वाकतो. मागूनही कागद चिकटवल्यावर वाक गेला, फुगे मात्र तसेच. मैद्याची खळ वापरली तर कसर लागेल का? बाइंडिंगवाले खळीत मोरचूद घालतात, पण ते विषारी आणि घरात लहान मूल आहे. दुसरं काय घालता येईल? आणि आम्लविरहित (लवकर पिवळा न पडणारा) कागद अब्दुल रहमान स्ट्रीटला सुटा मिळतो का? वाढदिवसाला १२ दिवसच उरलेत.