खांडववनाचा दाखला देऊन डोंगर पेटवायचे का?

माचीवरचा

परवा एक पोस्ट फिरत फिरत माझ्यापर्यंत आली. सोबत रात्री पेटलेल्या डोंगराचा व्हिडिओ, मागे नगारे. मजकूर थोडक्यात असा: अग्नीचं नावच पावक, म्हणजे शुद्ध करणारा. खांडववन जळलं म्हणून इंद्रप्रस्थ उभं राहिलं. फिनिक्ससुद्धा राखेतूनच उठतो. कॅलिफोर्नियात आणि ऑस्ट्रेलियात सरकार स्वतः जंगल पेटवतं. तेव्हा सह्याद्रीतल्या वणव्यांवर गळे काढणाऱ्यांनी आधी निसर्ग समजून घ्यावा, डोंगर जळला की पुढच्या वर्षी गवत जोमानं येतं. खाली हात जोडणाऱ्यांची रांग.

आदल्याच रात्री आम्ही सातजण जांभळीचे टहाळे घेऊन साताऱ्याकडच्या एका डोंगरावर आग झोडपत होतो. दोन वाजता विझली. सोबतच्या एकाची पोटरी भाजली. चार वर्षं पाणी घालून जगवलेली आमची झाडं गेली. सकाळी ती पोस्ट वाचली आणि राहवलं नाही.

सह्याद्रीत फेब्रुवारी-मार्चमध्ये आग आपोआप लागत नाही. वीज पडते ती वळवात, एप्रिल-मेमध्ये, आणि तिच्यासोबत बहुतेकदा पाऊसही येतो. होळीच्या आधी डोंगर पेटतो तो माणसानं काडी टाकली म्हणूनच. कोणी सशा-डुकरांच्या शिकारीसाठी, कोणी चांगलं गवत येईल या समजुतीनं, कोणी तंबू ठोकून शेकोटी तशीच सोडल्यामुळे, कोणी राब भाजताना हलगर्जीपणा केल्यामुळे. (राब म्हणजे रोपं वाढवायच्या जागेवर पेरणीआधी पालापाचोळा पसरून जाळणं.)

आणि गवत म्हणाल तर, सारखा जाळलेला उतार बघा. टोचरं कुसळी गवत माजलेलं असतं, चाऱ्याचा पवन्या मागे हटलेला असतो. कुसळीचं बी स्वतःला जमिनीत पिळून घुसवतं, म्हणून ते वाचतं. नत्र धुरावाटे जातं. राख पहिल्या मोठ्या पावसात ओढ्याला, मागोमाग उघडी माती.

चाळकेवाडीच्या पठारावर निळा-काळा-केशरी गळा फुगवून नाचणारा सरडा आहे. 2016 साली शास्त्रज्ञांनी त्याच्या वंशाला (genus) आपला मराठी शब्दच नाव म्हणून दिला, सरडा. त्याचा नाचायचा हंगाम उन्हाळ्यातला. पठार पेटल्यावर तो कुठे जाणार? लाव्याची पिल्लं कुठे जाणार? यात शुद्ध काय झालं, मला कोणी सांगा.

(वरचा फोटो माझ्याच फोनमधला, गेल्या वर्षीचा, रायगडच्या बाजूचा.)

पोथीवाला

भावना पटली, पण त्या पोस्टवाल्याला महाभारतातूनच उत्तर देता आलं असतं. ती संधी तुम्ही घालवलीत.

आदिपर्वात खांडवदाह शुद्धीसाठी नाहीच. श्वेतकी राजाच्या यज्ञांत वर्षानुवर्षं तूप पिऊन अग्नीला अजीर्ण झालं, त्याला उतारा म्हणून वन खायचं होतं. इंद्र ते वाचवत होता, कारण तिथे त्याचा मित्र तक्षक राहायचा. अग्नीनं वरुणाकडून गांडीव मिळवून दिलं, ते याच कामासाठी. कृष्णार्जुन दोन बाजूंनी उभे राहिले आणि जो जीव बाहेर पडेल त्याला आत ढकललं किंवा मारलं. वाचले फक्त सहा: तक्षकाचा मुलगा अश्वसेन, मयासुर आणि शार्ङ्गक पक्ष्याची चार पिल्लं. अश्वसेनाची आई त्याला वाचवताना बाणानं मेली.

तक्षक त्या दिवशी कुरुक्षेत्राकडे गेलेला होता. पुढे अर्जुनाचा नातू परीक्षित कोणाच्या दंशानं गेला? तक्षकाच्याच. मग परीक्षिताच्या मुलानं सर्पसत्र मांडलं, पुन्हा आगच. ज्यांनी ही कथा रचली त्यांना जळालेल्या वनाचा हिशोब पक्का ठाऊक होता.

आणि फिनिक्सचं म्हणाल तर ग्रीक इतिहासकार हिरोडोटसच्या जुन्या वर्णनात तो जळत नाही. मेलेल्या बापाला गंधरसाच्या गोळ्यात घालून हेलिओपोलिसला नेतो, एवढंच आहे. जळून उठणं नंतरच्या लोकांनी जोडलं. आपल्याकडे मात्र प्रत्येक सत्कारात हा पक्षी राखेतून उडतोच. मला त्याचा कंटाळा आला आहे.

राबवाली

"राब भाजताना हलगर्जीपणा केल्यामुळे." हे वाक्य लिहिताना तुमचा हात जरासुद्धा अडखळला नाही?

आमचं गाव रोह्याकडे. माझ्या आजीनं राब भाजला, आईनं भाजला, मी भाजते. आधी शेण पसरायचं, त्यावर कवळ म्हणजे झाडांच्या तोडलेल्या डहाळ्या, मग पातेरा आणि गवत, वर माती. चहूबाजूंनी हातभर पट्टा झाडून मोकळा करायचा. वारा पडला की वाऱ्याच्या उलट अंगानं पेटवायचं, म्हणजे आग धावत नाही, मातीखाली धुमसत जाते. हातात पाण्याची कळशी आणि हिरवा टहाळ घेऊन दोन माणसं उभी. हे आम्हाला कोणी शिबिरात शिकवलं नाही.

राब नसेल तर तरव्यात, म्हणजे रोपांच्या वाफ्यात, तण आधी उगवतं आणि नाचणी मागून. बेणणीला माणसं आणू कुठून? घरोघरचे मुलगे मुंबईला. तुम्ही शहरातून एक रात्र आग झोडपायला येता, त्याचं कौतुक आहे, खरंच आहे. पण दर वर्षी वणवा लागला की जंगलखात्याचा माणूस पहिला आमच्या वाडीत येतो. माझ्या वडिलांना एकदा दिवसभर बसवून ठेवलं. आग लागली होती वरच्या धारेवर, तिथे आमची जमीनही नाही. चूल पेटवायला काडेपेटी खिशात होती, एवढाच पुरावा.

आणि तुमचा फोटो नीट बघा. तो वणव्याचा नाही, राबाचा आहे. काळे चौकोन आहेत, मधले बांध शाबूत आहेत. वणवा बांध बघून थांबत नाही.

माचीवरचा

ताई, मी चार कारणं लिहिली, त्यातलं एक राब. सगळ्या शेतकऱ्यांवर आरोप केलेला नाही. पण राबातून आग निसटलेली मी स्वतः पाहिली आहे, तेही खोटं म्हणू का? दुपारी बारा वाजता, भर वाऱ्यात पेटवलेला राब होता.

राबवाली

मग त्या एका माणसाचं लिहा. "दुपारी वाऱ्यात पेटवणारा" असं लिहा. "राब भाजताना" म्हटलं की आम्ही सगळे आलो.

सेवानिवृत्त वनपाल

ताईंच्या वडिलांसोबत झालं ते चूक. पण दुसरी बाजूही ऐका.

भारतीय वन अधिनियम 1927, कलम 26. राखीव वनात आग लावणं गुन्हा. पण लावताना बघितलं कोणी? डोंगर पेटतो रात्री, आणि सकाळी सगळं गाव म्हणतं माहीत नाही. त्याच कायद्यात जंगलात हक्क असणाऱ्यांनी आग विझवायला मदत करावी असंही आहे. हाक मारली की किती येतात? माझ्या बीटला मी आणि दोन हंगामी मजूर. जाळरेषा, म्हणजे आग अडवायला गवत काढून मोकळे केलेले पट्टे, डिसेंबर-जानेवारीत निघायला हव्यात, पैसे हातात पडायचे तेव्हा निम्मा डोंगर काळा झालेला असायचा. आता उपग्रहाचा इशारा मोबाईलवर येतो, पण एकेक ठिपका 375 मीटरचा. धावत जावं तर कोणी बांध जाळत असतो, तोवर खरा वणवा पलीकडच्या खोऱ्यात.

आणि गडांवर तंबू लावणाऱ्यांबद्दल कोणीच का बोलत नाही? शनिवारी रात्री गडावर शेकोटी, रविवारी सकाळी निखारे तसेच. पकडलं तर वर फोन लावतात. आदिवासी बाई फोन लावू शकत नाही, म्हणून ती सापडते. हे मी नोकरीत असताना बोलू शकलो नाही, आता बोलतो.

देवराई

माचीवरचा यांच्याशी माझं मूळ मुद्द्यावरच जमत नाही. आग म्हणजे फक्त नाश, हेही तितकंच अर्धवट आहे.

कर्नाटकात बिळिगिरिरंगन डोंगरात सोलिगा लोक हंगामाच्या सुरुवातीला पाचोळ्याची हलकी आग लावायचे, 'तरगु बेंकी'. 1974 साली अभयारण्य झालं, आग बंद झाली. सोलिगा जाणते सांगतात की त्यानंतर घाणेरी (लँटाना) डोंगरभर माजली, आणि आता आग लागते ती घाणेरीच्या जाळ्यांवरून थेट झाडाच्या शेंड्यापर्यंत जाते. त्यांचं हे म्हणणं अभ्यासकांनीही गांभीर्यानं घेतलं आहे. 2011 मध्ये त्यांना व्याघ्र प्रकल्पाच्या आत सामूहिक वनहक्क मिळाले.

आपल्या देशावरची माळरानं तर मुळातलीच गवताळ रानं आहेत, तोडलेलं जंगल नव्हे. त्यांना पडीक ठरवून तिथे खड्डे खणून गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया) लावायचं आणि ते जळलं की रडायचं, हा वृक्षारोपणाचा सोस माळाच्या मुळावर उठला आहे. तुमची चार वर्षं जगवलेली झाडं कुठली होती, विचारू का? लांडगा आणि तणमोर, धाविक हे पक्षी, यांना झाडं नकोत, मोकळं गवत हवं. लाखो रोपं लावल्याचे आकडे छापून येतात, माळ गेल्याचा आकडा कोणी छापत नाही.

माचीवरचा

वड, जांभूळ, करंज, आणि खालच्या घळीत आंबा. गिरिपुष्प एकही नाही. माळावर नाही, ओढ्याच्या काठाला लावली होती. न विचारता गृहीत धरलंत.

सोलिगांचं मान्य. पण ते हंगामाच्या सुरुवातीला, ओल असताना, ठरवून, पिढीजात माहितीनं लावायचे. आमच्याकडे भर मार्चमध्ये वाळल्या गवतात काडी टाकून माणूस पळून जातो. दोन्हीला एकच शब्द वापरून तुम्ही त्या पोस्टवाल्याच्याच हातात कोलीत देताय.

देवराई

झाडांबद्दल चुकलो. ओढ्याकाठी जांभूळ-करंज बरोबर आहे. बाकी मुद्दा सोडत नाही. "आग वाईट" एवढंच मुलांना शिकवलं तर पुढचा कायदा ताईंचा राबच बंद करेल.

राबवाली

बंद करायचा प्रयत्न आजचा नाही. इंग्रजांनी ठाणे आणि कुलाबा (आताचा रायगड) जिल्ह्यांतली जंगलं राखीव केली, कवळ तोडायला बंदी आणली, लोक इतके पेटले की 1885 मध्ये सरकारला मुंबई फॉरेस्ट कमिशन नेमावं लागलं. त्यातही राबाचा वाद होताच. तेव्हाचे साहेब म्हणायचे हे अडाणी जंगल खातात. आता तेच मराठीतून ऐकते.

सॅक्रामेंटोकर

कॅलिफोर्नियाचं नाव निघालं म्हणून लिहितो. इथे ठरवून आग लावतात हे खरं. पण त्या दिवसाची हवेतली आर्द्रता, वाऱ्याचा वेग, परवाना, अग्निशमन दलाची माणसं, सगळं जमलं तरच. जरा वारा वाढला की रद्द. शंभर वर्षं प्रत्येक आग विझवत राहिले, इथल्या मूळ रहिवाशांना त्यांची आग लावू दिली नाही, त्याचं ओझं आता उतरवताहेत.

नोव्हेंबर 2018 मध्ये पॅरडाइज गाव जळलं, 85 माणसं गेली. सुरुवात विजेच्या तारेपासून. आमच्याकडे पुढचे कितीतरी दिवस धूर होता, मुलीची शाळा बंद, खिडक्यांच्या फटींना ओले टॉवेल लावून बसलो. हे सगळं पाहिल्यावर कोणी "तिकडे सरकार पेटवतं" असं ओझरतं लिहिलं की चीड येते.

काजूबाग

गोव्यात मार्च 2023 आठवतो का कोणाला? म्हादई अभयारण्यात दिवसचे दिवस धुमसत होतं, नौदल आणि हवाई दलाची हेलिकॉप्टरं पाणी ओतत होती. काजूवाल्यांवर बोट ठेवलं गेलं, की झाडाखालची साफसफाई करायला पेटवलं. माझी स्वतःची बाग सत्तरीत आहे. आम्ही पालापाचोळा कोयत्यानं आणि दाताळ्यानं गोळा करतो, कारण काजूच जळला तर खाणार काय? पण शेजारी एकानं लावली होती, हेही खरं. त्याचं नाव मी तेव्हा सांगितलं नाही. वनपाल काका म्हणतात ना, सकाळी सगळं गाव म्हणतं माहीत नाही, तसाच मी.

पावक

ती पोस्ट माझी. इथे माझ्याबद्दल बरंच लिहिलं गेलं आहे, म्हणून उत्तर देतो.

मी कोणाला डोंगर पेटवा असं सांगितलेलं नाही. ऋग्वेदाची सुरुवातच 'अग्निमीळे' अशी आहे. आपल्या घरात लग्न, मुंज, वास्तुशांत, शेवटचा दिवस, सगळं अग्नीसमोर. त्या अग्नीला फक्त गुन्हेगार म्हणून दाखवलं जातं याचं मला वाईट वाटलं, ते लिहिलं. खांडवदाहाचा तपशील पोथीवाल्यांनी दिला तो मला पूर्ण आठवत नव्हता. अजीर्णाचा भाग विसरलो होतो, कबूल. व्हिडिओ कुठल्या डोंगराचा ते मलाही माहीत नाही, मला तो आलेला होता. काढून टाकतो. अग्नीविषयीचा मजकूर काढणार नाही.

पोथीवाला

त्याच ऋग्वेदात अग्नीला घरचा अतिथी आणि गृहपती म्हटलंय. अतिथीला बसायला जागा ठरवून देतात. वेदी, कुंड, चूल. ताईंचा झाडून काढलेला पट्टाही तोच.

माचीवरचा

पावक, व्हिडिओ काढताय, ठीक. गवत जोमानं येतं हे वाक्यही काढा, ते वाचून कोणीतरी काडी टाकेल. बाकी श्रद्धेवर माझं काही म्हणणं नाही.

राबवाली ताई, मी वाक्य बदललं आहे. आता असं आहे: "कोणी भर दुपारी वाऱ्यात, पट्टा न काढता पेटवून." राब हा शब्द काढला. मनापासून पटलंय असं म्हणत नाही, कारण त्या एका आगीत आमचा मित्र भाजला ते मी विसरू शकत नाही. पण सगळ्यांना त्यात ओढणं चूक होतं.

सेवानिवृत्त वनपाल

पुढच्या डिसेंबरात जाळरेषा काढायला तुमचे सातजण आले तर मार्चमध्ये टहाळे कमी लागतील. विझवायला सगळे येतात, गवत कापायला कोणी येत नाही.

राबवाली

वाक्य बदललंत, बरं केलंत. फोटो अजून तोच आहे. तो काढा.