सर्व्हरवरील सर्वांचे सामायिक खाते बंद करायचे आहे – मार्गदर्शन हवे

नमस्कार. मी यवतमाळ जिल्ह्यातील ग्रामीण भागात, विद्यापीठाच्या एका संशोधन केंद्रावर नोकरीस आहे. कापूस आणि सोयाबीनच्या चाचण्यांची आकडेवारी आम्ही विद्यापीठाच्या लिनक्स सर्व्हरवर ठेवतो. मात्र हंगामी सहायकांसह सर्वजण एकाच खात्याने, एकाच पासवर्डने आत जातात. एखादी फाइल पुसली गेली तर ती कोणाकडून पुसली गेली हे लॉगवरून (सर्व्हरवरील कामकाजाच्या आपोआप होणाऱ्या नोंदींवरून) कळत नाही, आणि काम सोडून गेलेल्यांकडेही पासवर्ड राहतो. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस जपायचे असतात, पण सगळ्या नोंदी एकाच नावावर असतील तर त्या जपण्याचा उपयोग फारसा होत नाही, असे मला वाटते.

प्रत्येकाला स्वतंत्र खाते, सर्वांचा एक ग्रुप आणि सामायिक फोल्डरला सेटजीआयडी ही परवानगीची खूण, म्हणजे नवी फाइल आपोआप त्या ग्रुपची होईल, एवढे मला ठाऊक आहे. खरी अडचण जुन्या खात्याच्या क्रॉनची (ठरल्या वेळी प्रोग्राम आपोआप चालवणाऱ्या सोयीची) आहे, कारण हवामानाच्या नोंदी गोळा करणारे प्रोग्राम त्यातूनच रोज रात्री चालतात. ते प्रोग्राम लॉगिन बंद ठेवलेल्या वेगळ्या सेवा-खात्याकडे (फक्त प्रोग्राम चालवण्यासाठीच्या खात्याकडे) सोपवावेत, की जुन्याच खात्याचे लॉगिन बंद करून तिथेच राहू द्यावेत? शिवाय केंद्रावर सर्वांसाठी संगणक एकच आहे. अशा वेळी प्रत्येकाने आपली एसएसएचची खासगी की (सर्व्हरवर दुरून सुरक्षितपणे लॉगिन करताना ओळख पटवणारी गुप्त फाइल) कुठे ठेवावी? हा बदल प्रत्यक्ष केलेल्यांनी कामांचा क्रमही कृपया सांगावा, कारण ऐन खरिपात नोंदी थांबवणे आम्हाला शक्य नाही.