पुढच्या चाकावरचं प्लास्टिक काढून टाकलं तर चालेल का?

प्रश्न (राजारामपुरीकर): गगनबावड्याहून आल्यापासून स्टेअरिंग पूर्ण वळवलं की डाव्या टायरला काहीतरी घासतंय. वाकून बघितलं तर चाकावरचं काळं प्लास्टिक लोंबतंय, दोन क्लिपा गायब. गॅरेजवाला म्हणतोय, "काढून टाका, काय फरक पडत नाही." खरं आहे का?

उत्तर (उद्यमनगर): अजिबात काढू नका वो! ते फेंडर लायनर, म्हणजे चाकावरच्या पत्र्याचं (फेंडरचं) आतलं अस्तर. टायर उडवतो तो चिखल, खडी, पाणी सगळं ते अंगावर घेतं. पुष्कळ गाड्यांत त्याच्या मागंच वायपरच्या पाण्याची टाकी, हॉर्न आणि हेडलाइटची वायरिंग असते. ते उघडं पडलं तर पावसाळ्यात कनेक्टरमध्ये पाणी जातंय. आपल्याकडं उसाच्या ट्रॉल्यांमागनं रस्त्यावर काय काय पडलेलं असतंय, बघताच की. क्लिपा स्वस्त असतात, भोकाच्या मापाच्याच घ्या. मधली पिन आधी वर उचलायची, मग क्लिप बसवून पिन दाबायची. स्क्रू मारू नका, पत्र्याचा रंग सोलला की गंज तिथनंच धरतो. आणि तोवर घाटात गाडी घालू नका, लोंबणारं प्लास्टिक टायरमध्ये ओढलं जातं.

उत्तर (कसबा बावडा): क्लिपा लावण्याआधी लायनर सोडवून मागं हात घाला. फेंडरच्या खालच्या कोपऱ्यात तांबडी माती आणि पाला साचून ओला गोळा झालेला असतो, पत्रा आतनं कुजतो तो तिथंच. साध्या पाइपनं धुवा, पूर्ण वाळू द्या.

राजारामपुरीकर: सोडवलं. मूठभर माती निघाली, पत्रा शाबूत आहे. उद्या क्लिपा आणतो.