व्ही. कुमार यांच्यावर अन्याय झाला, की ते होतेच तेवढे?

कोमलनिषाद
ऑफिसातला एक सहकारी मदुरैचा. परवा लोणावळ्यापर्यंत त्याच्या गाडीतून गेले. त्याने 'एम. एस. विश्वनाथन सदाबहार' अशी यादी लावली होती (तमिळ सिनेमातले मोठे संगीतकार, सगळे त्यांना एमएसव्ही म्हणतात). तिसरं गाणं सुरू झालं, 'कादोडुदान नान पाडुवेन'. मी म्हटलं, हे एमएसव्हींचं नाही. तो हसला. मराठी बाई मला तमिळ गाणी शिकवणार, असं ते हसू होतं. पैज लागली मिसळीची. मी जिंकले, मिसळही झणझणीत होती, पण खाताना वाटत राहिलं की ज्याचं गाणं, त्याच्याच मुलखातल्या माणसाला त्याचं नाव ठाऊक नाही.

गाणं 'वेळ्ळि विळा' (१९७२) या सिनेमातलं, संगीत व्ही. कुमार. हा माणूस टेलिफोन खात्यात नोकरीला आणि बाकीच्या वेळात हौशी नाटकांना संगीत द्यायचा. त्याच नाटकांच्या वर्तुळात के. बालचंदर, तेही तेव्हा मद्रासच्या अकाउंटंट जनरलच्या कचेरीत. ऑफिस सुटलं की तालीम, हे चित्र आपल्याकडच्या लोकांना वेगळं समजवायला नको. बालचंदरनी दिग्दर्शक म्हणून पहिला सिनेमा केला 'नीर्क्कुमिळि' (१९६५), तेव्हा कुमारना सोबत घेतलं. मग 'नाणल', 'मेजर चंद्रकांत', 'एदिर नीच्चल', 'इरु कोडुगळ', 'नवग्रहम', 'नूट्रुक्कु नूरु', 'वेळ्ळि विळा', 'अरंगेट्रम'. १९६५ ते १९७३, बालचंदरसोबत निदान नऊ सिनेमे.

आता 'कादोडुदान'. गायिका एल. आर. ईश्वरी. या बाईंना मद्रासने क्लबात आणि जत्रेत बसवून ठेवलेलं. 'एलंद पळम' त्यांचं, चाबकाच्या फटकाऱ्यांवरचं 'पट्टत्तु राणी' त्यांचं. कुमारनी त्याच बाईंना सांगितलं, कानात गा. आपल्याकडे सुलोचनाबाई चव्हाणांना कुणी अंगाई द्यावी तसं. शब्द वालींचे: 'कादोडुदान नान पाडुवेन, मनदोडुदान नान पेसुवेन'. तमिळमधलं 'दान' म्हणजे आपला 'च'. कानाशीच गाईन, मनाशीच बोलेन. आणि चाल बरोब्बर त्या 'च'वर येऊन टेकते. क्षणभर थांबते, मग पुढे जाते. सगळं गाणं त्या एका अक्षराच्या हट्टावर उभं आहे. वाद्यं मागे अदबीने बसलेली. ईश्वरींचा श्वास ऐकू येतो.

माझं म्हणणं एवढंच की या माणसाचं श्रेय एमएसव्हींच्या खात्यात जमा झालं आणि कुणी पासबुक तपासलं नाही. हा अन्यायच.

खडूस_कानसेन
गाणं उत्तम, लेखही छान. निष्कर्षाशी साफ असहमत.

'अन्याय' हा शब्द आपण फार स्वस्त केलाय. तमिळमधला सर्वांत चर्चेतला दिग्दर्शक, त्याचे इतके सिनेमे, गायला टी. एम. सौंदरराजन, पी. सुशीला, शीर्काळी गोविंदराजन. 'मेल्लिसै मामणि' असा किताबही मिळाला. शिवाजी गणेशनचा 'निरै कुडम' मिळाला. यात अन्याय कुठे आहे? अन्याय म्हणजे काम न मिळणं.

दुसरं, तुमच्या मदुरैच्या मित्राची चूक ही तुमच्या विरोधातला पुरावा आहे. गाणं ऐकून त्याला एमएसव्ही वाटले, कारण ते एमएसव्हींसारखं वाटतं! ओ. पी. नय्यरचं गाणं ऐकून कुणी शंकर-जयकिशन म्हणतो का? ठेक्यावरूनच कळतं. कुमारांचं असं काय आहे, जे डोळे मिटून ओळखावं? ज्याची सही नाही, त्याचा चेक दुसऱ्याच्या खात्यात जातो. बँकेला दोष देऊ नका.

माटुंगा_पूर्व
आमचं घर तमिळ, शाळा मराठी, त्यामुळे दोन्हीकडचा मार खाल्लेला आहे. थोडं बोलतो.

'विसरलेला' हे कोण ठरवतंय? आमच्या घरात कुमार कधीच विसरले गेले नाहीत, फक्त त्यांचं नाव कुणी घेत नसे. हे वेगळं. आजी (आम्ही पाट्टी म्हणतो) 'अडुत्तात्तु अंबुजत्तै पात्तेळा' भाजी निवडताना गायची. 'एदिर नीच्चल' (१९६८) मधलं गाणं, टीएमएस (म्हणजे सौंदरराजन) आणि सुशीला. अर्थ: 'शेजारच्या अंबुजमला पाहिलंत का? तिचा नवरा तिचे लाड कसे करतो, ऐकलंत का?' बायको नवऱ्याला टोमणे मारतेय. भाषा पुस्तकी तमिळ नाही, तमिळ ब्राह्मणांच्या घरातली बोली आहे. शेजारच्या घराला 'अडुत्तात्तु' आणि पाहिलंत का ला 'पात्तेळा' तिथेच म्हणतात. पडद्यावर श्रीकांत आणि सौकार जानकी, किट्टू मामा आणि पट्टू मामी.

आता गंमत पाहा. ते वाक्य पट्टू मामी नुसतं बोलली असती तर आवाज 'पात्तेळा'ला जसा वर गेला असता, साधारण तसाच चालीत जातो. पाट्टी गाणं गातेय की आजोबांना खरंच टोमणा मारतेय, हे आम्हा मुलांना कळायचं नाही. आजोबांना मात्र कळायचं, ते पेपर उंच धरायचे.

अवांतर: माटुंग्याच्या अरोराला तमिळ सिनेमे लागायचे, तिथे गल्लीतल्या मराठी काकूही आमच्यासोबत यायच्या. त्यांना भाषा कळायची नाही, पण हे गाणं कळायचं.

कोमलनिषाद
@माटुंगा_पूर्व, दंडवत. माझ्या डोक्यात होतं ते तुम्ही पाट्टींच्या तोंडून सांगितलंत.

@खडूस, हीच ती सही. बोलण्यातून निघणारी चाल. नाटकवाल्याचा कान आहे तो, त्याला संवादाची लय आधी ऐकू येते. 'इरु कोडुगळ' (१९६९) मधलं 'पुन्नगै मन्नन' घ्या. सुशीला आणि जमुना राणी. एकाच माणसाच्या दोन बायका, आणि गाणं कृष्णावर वाद घालतं: तो रुक्मिणीचा की सत्यभामेचा? (रुक्मिणी आपल्या विदर्भाची, त्यामुळे मी पक्षपाती आहे.) दोन आवाज, वरवर देवाचं गाणं, आणि ओळीओळीत सवती एकमेकींना तोलतायत. गाण्यात सीन चालू आहे.

आणि एमएसव्हींसारखं वाटतं म्हणता, तर एमएसव्ही स्वतः कुमारांकडे गायलेत. 'वेळ्ळि विळा'तच. 'उनक्केन्न कुरैच्चल, नी ओरु राजा'. तुला काय कमी आहे, तू राजा आहेस, म्हातारपण येतंय तर येऊ दे. त्या काळातला सम्राट दुसऱ्याच्या रेकॉर्डिंगला जाऊन माइकसमोर उभा राहिला. नुसती नक्कल करणाऱ्याकडे कोण जातं असं?

खडूस_कानसेन
दिलदार माणूस जातो. एमएसव्ही दिलदार होते, हे त्यातून सिद्ध होतं.

बोलीतली चाल म्हणता, ती बोली वालींनी लिहिली. सवतींचा सीन बालचंदरनी लिहिला. तुमची दोन्ही उदाहरणं अशी आहेत की संगीतकाराच्या आधी लेखकानेच निम्मं काम केलंय. मला असं गाणं दाखवा, जिथे शब्द काढून टाकले तरी कुमार उरतात.

आणि खरा प्रश्न कुणी विचारतच नाही. ज्या बालचंदरनी आणलं, त्यांनी १९७३ नंतर का नाही बोलावलं? 'अवळ ओरु तोडर कदै' (१९७४) एमएसव्ही. 'अपूर्व रागंगळ' (१९७५) एमएसव्ही. तिथे 'अतिशय रागम' आहे, बालमुरलीकृष्णांच्या महती रागावर. वाणी जयराम यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळवून देणारं 'एळु स्वरंगळुक्कुळ' आहे. सिनेमाचा विषयच संगीत होता आणि बालचंदरना ठाऊक होतं कुणाकडे जायचं. त्यांच्याइतकं कुमारना जवळून कुणी ओळखत नव्हतं, आणि हा त्यांचा निकाल आहे.

फिरकी
एक दुरुस्ती. बालचंदर १९७४ ला एमएसव्हींकडे 'गेले' हे बरोबर नाही. ते आधीपासूनच येऊन-जाऊन होते. 'भामा विजयम' (१९६७) एमएसव्हींचा आहे. त्यातलं आठ आणे जमा, दहा आणे खर्च हे गाणं आठवा. हिंदीत 'तीन बहुरानियाँ' झाला तेव्हा त्याचं 'आमदनी अठन्नी, खर्चा रुपय्या' झालं, ते तर सगळ्यांच्या तोंडी आहे. म्हणजे सहा-सात वर्षं दोन्ही संगीतकार समांतर चालू होते. घटस्फोट वगैरे काही नव्हतं.

आता माझा मुद्दा, दोघांच्याही विरोधात. कुमार मराठी आणि हिंदी कानांपर्यंत पोचले नाहीत त्याचं कारण अगदी व्यवहारी आहे. त्यांच्या सिनेमांच्या कथा मुंबईला आल्या, चाली मद्रासलाच उतरल्या. 'एदिर नीच्चल'चा 'लाखों में एक' झाला, नागेशच्या जागी मेहमूद, संगीत आरडी. 'इरु कोडुगळ'चा 'संजोग', पुन्हा आरडी. 'अरंगेट्रम'चा 'आईना', संगीत नौशाद. 'मेजर चंद्रकांत' नाटकावरून तर कुमारांचा तमिळ सिनेमा येण्याआधीच हिंदीत 'ऊँचे लोग' (१९६५) आला होता, चित्रगुप्तांचं संगीत, 'जाग दिल-ए-दीवाना'. आपण यातलं निम्मं लहानपणापासून ऐकतोय, आणि त्या खिडकीच्या मागे कुमार उभे आहेत हे कळायला मार्गच नव्हता.

माटुंगा_पूर्व
'मेजर चंद्रकांत' (१९६६) निघालाच आहे तर 'ओरु नाळ यारो' ऐका. सुशीला, पडद्यावर जयललिता. एके दिवशी कुणीतरी काहीतरी गाणं शिकवून गेलं, एवढाच अर्थ, वयात येणाऱ्या मुलीचं गाणं. @खडूस, इथे बोली नाही, टोमणा नाही, सवती नाहीत. शब्द काढा आणि गुणगुणून पाहा.

आणि 'इरु कोडुगळ' म्हणजे 'दोन रेघा'. बिरबलाची गोष्ट आहे ना, रेघ न पुसता लहान करायची, तर शेजारी मोठी ओढायची? सिनेमाचा आधार तोच आहे. कुमारांचंही तसंच झालं. शेजारी एमएसव्ही नावाची रेघ होती.

सावनी_ठाणे
एमएसव्ही-एमएसव्ही पुरे. १९७६ ला 'अन्नक्किळि' आला आणि इळैयराजांनी सगळ्यांच्याच रेघा लहान केल्या, एमएसव्हींची सुद्धा. फरक इतकाच की मोठ्या रेघेची लहान झाली तरी दिसते.

तरी कुमार संपले नव्हते. 'सदुरंगम' (१९७८) मधलं 'मदनोर्चवम', एसपीबी (एस. पी. बालसुब्रह्मण्यम) आणि वाणी जयराम. वाणीताई आपल्याला 'ऋणानुबंधाच्या'मुळे माहीत, कुमार गंधर्वांसोबत, वसंत देसाईंची चाल. तिथल्या त्या आणि इथल्या या, लागोपाठ ऐकल्या की गंमत वाटते. दोन भाषा, दोन कुमार. (क्षमस्व, राहवलं नाही.)

'मला सही दाखवा' हा हट्टही मला पटत नाही. दत्ता डावजेकरांची सही कोणती? लताबाईंना हिंदीत पहिलं गाणं देणारा माणूस. गाणं गाण्यासारखं वाटतं, डावजेकरांसारखं वाटत नाही. ही काही उणीव नव्हे.

खडूस_कानसेन
'ओरु नाळ यारो' दोनदा ऐकलं. मान्य, इथे शब्द काढले तरी काहीतरी उरतं. पहिल्या ओळीत चाल प्रश्न विचारल्यासारखी अर्धवट थांबते, ते मला आवडलं.

काल रात्री 'उनक्केन्न कुरैच्चल'ही लावलं. एमएसव्हींचा तो खडबडीत, थोडा फाटका आवाज. हे टीएमएसकडून गाऊन घेतलं असतं तर रुबाबदार झालं असतं आणि वाया गेलं असतं. म्हातारपणाच्या गाण्याला गुळगुळीत गळा नको, हे ज्याला कळलं त्याला माणसं निवडायची अक्कल होती. ईश्वरींच्या बाबतीतही तेच. तर मी इतकंच सरकतो: कुमारांची सही चालीत नसेल, गळ्याच्या निवडीत आहे. 'अन्याय' मात्र मी अजून लिहिणार नाही. शीर्काळींचं 'आडि अडंगुम वाळ्कैयडा' 'नीर्क्कुमिळि'त आहे, पहिल्याच सिनेमात. सहा फूट जमीन तेवढी आपली. आपल्याकडे साडेतीन हात म्हणतात. ते गाणं लोक अजून गातात. संगीतकाराचं नाव गेलं आणि गाणं राहिलं, तर यात नक्की कोण लुटलं गेलं?

कोमलनिषाद
संगीतकार लुटला गेला, साहेब! पण जाऊ दे, सरकलात हेच खूप.

नवीन येणाऱ्यांसाठी एकच: येसुदासांचं 'उन्निडम मयंगुगिरेन' ऐका. सिनेमा 'तेन सिंदुदे वानम', १९७५.

फिरकी
ऐकलं, लगेच. जबरदस्त! एसपीबी आणि एस. जानकी काय गायलेत. 'तेन सिंदुदे वानम', मध गळतोय आकाशातून. कुमारना सलाम. मी आता पूर्ण कोमलनिषाद यांच्या बाजूने.

सावनी_ठाणे
अहो फिरकी, येसुदास सांगितलं होतं. तुम्ही सिनेमाचं नाव शोधून भलतंच गाणं ऐकलंत. 'तेन सिंदुदे वानम' हे गाणं 'पोन्नुक्कु तंग मनसु' (१९७३) मधलं, संगीत जी. के. वेंकटेश. नाव तेच, सिनेमा वेगळा.

कोमलनिषाद
राहू दे की. आयुष्यात एकदा तरी दुसऱ्याचं गाणं कुमारांच्या खात्यात जमा झालं.

खडूस_कानसेन
अजिबात राहू देऊ नका. ते वेंकटेशांचं आहे, तसंच लिहा. आणि फिरकी, आता येसुदासांचं ऐकून या, मग कुणाच्या बाजूचे आहात ते सांगा.