‘संमोहन’ म्हटलं की आजी कागद परत करतात

रामबागकर: इथल्या, इंदूरच्या एका समुपदेशन केंद्राचं संमतिपत्र मराठीत करतोय. ‘गरजेनुसार हिप्नोथेरपीची तंत्रं वापरू’ असं वाक्य आहे. म्हणजे डोळे मिटून श्वासाकडे लक्ष, एखाद्या निवांत जागेची कल्पना, मग सूचना. मी ‘संमोहन’ लिहिलं. पहिल्याच आजींनी कागद सरकवला, “मला कुणी वश करायला नको.” दुसरा शब्द सुचवा.

सराफ्यातला रात्रकिडा: आजींचं काय चुकलं, भिया? विराटपर्वात अर्जुनानं संमोहनास्त्र सोडलं, कौरव गार पडले आणि राजपुत्र उत्तर त्यांची वस्त्रं उतरवून घेऊन आला. सही कोण करेल?

शुद्धमती: गीतेतही ‘संमोहात् स्मृतिविभ्रमः’ आहे. ‘मोहनिद्रा’ लिहा.

तुकोगंजची मावशी: निद्रा तर मुळीच नको! मी हेच काम करते. माणूस जागा असतो, बोलतो, पटलं नाही तर उठून जातो. जेम्स ब्रेड या स्कॉटिश डॉक्टरनं १८४३च्या पुस्तकात ग्रीक निद्रेवरून ‘हिप्नॉटिझम’ हे नाव रूढ केलं आणि पुढे त्यालाच ते खटकलं. मन एकाच कल्पनेवर खिळतं म्हणून त्यानं ‘मोनोआयडिइझम’ सुचवलं, पण तोवर उशीर झाला होता. मी आपली म्हणते, “चला, जरा गुंग होऊ या.” खुर्चीच्या हातावर आवळलेली बोटं दोन मिनिटांत सैल पडतात.

रात्रकिडा: मावशी, गुंग म्हणजे फारसीत मुका. समुपदेशनात मुकं करणार?

शुद्धमती: फारसी कशाला? गुंजनावरून असेल. भुंगा कमळात गुंगतो.

रात्रकिडा: असेल, नसेल. कोश उघडा.

देवासची सून नव्हे, सासू: ‘भूल’ का नको? क्लोरोफॉर्म यायच्या आधी, १८४५मध्ये, हुगळीला एसडेल नावाचा डॉक्टर मेस्मेरिझम, म्हणजे संमोहनाचा जुना अवतार, करून शस्त्रक्रिया करायचा. तीही भूलच. फक्त हिंदीवाल्यांसमोर जपून. ह्यांच्या ऑपरेशनच्या वेळी मी फोनवर म्हटलं, “भूल दिली.” सून रडवेली, “डॉक्टरसे क्या भूल हो गई?”

शुद्धमती: हिंदी घरात शिरली की हेच होतं. परवा एका मराठी कार्यक्रमपत्रिकेत ‘सम्मोहन’ छापलेलं पाहिलं.

मावशी: अहो, आपण सगळे शाळेत हिंदीच शिकलो. नावं कसली ठेवता?

रामबागकर: फॉर्म उद्या सकाळी द्यायचाय. ‘हिप्नोथेरपी’ तसंच ठेवतो, खाली मावशींचं ‘जागा असतो, उठून जाऊ शकतो’ घालतो. चालेल?

रात्रकिडा: ते राहू द्या. ‘गुंगारा देणे’ कुठून आलं?