'एन.सी.'मधला बंद : दाराचा की दिव्याचा?

प्रश्न :
छोट्या सीएनसी राउटरच्या (संगणकाच्या हुकमाने लाकूड कोरणाऱ्या मशीनच्या) वायरिंगवर मराठीत लिहितो आहे. इमर्जन्सी स्टॉप आणि होम स्विच (मशीनची सुरुवातीची जागा ओळखणारा), दोन्हीकडे एन.सी. टर्मिनल वापरा, असं सांगायचं आहे. एन.सी. म्हणजे नॉर्मली क्लोज्ड, म्हणून 'सामान्यतः बंद' लिहिलं. मसुदा वाचून मित्राने बटण नेमकं उलटं जोडलं. 'बंद' म्हणजे करंट जात नाही, असं तो समजला. दुसरा कोणता शब्द घ्यावा?

प्रतिसाद :
तुमच्या मित्राने मराठी बरोबरच वाचलं. दार बंद असतं तेव्हा फळ्या जुळलेल्या असतात. दिवा बंद असतो तेव्हा मात्र परिपथ तुटलेला असतो. पाठ्यपुस्तकातला 'बंद परिपथ' दाराच्या अर्थाचा आहे, पण हातात स्विच धरलेल्या माणसाला दिव्याचाच 'बंद' आठवणार. मी एन.सी.ला 'एरवी जोडलेला' आणि एन.ओ.ला, म्हणजे नॉर्मली ओपनला, 'एरवी सुटा' म्हणतो. 'सामान्यतः'ही काढा. त्यातून 'बहुतेक वेळा' असा अर्थ निघतो. इथे फक्त 'कुणी दाबलेलं नसताना' एवढंच म्हणायचं आहे, आणि 'एरवी'त ते नेमकं येतं.

दुसरा प्रतिसाद :
'एरवी जोडलेला' मलाही पटला. हा शब्द उलटा पडला तर धोका आहे, आणि तो लगेच दिसतही नाही. एरवी सुट्या टर्मिनलवर जोडलेलं बटण चाचणीत व्यवस्थित चालतं. नंतर वायर निसटली तर कळायला मार्गच नसतो, थेट संकटाच्या वेळी दाबल्यावर कळतं. एरवी जोडलेल्यात वायर तुटणं आणि बटण दाबणं कंट्रोलरला सारखंच दिसतं. माझ्या मशीनवर केबल चेनमध्ये (हलत्या वायरी सांभाळणाऱ्या साखळीत) वाकून वाकून एक वायर आतून तुटली, वरचं आवरण शाबूत होतं. मशीन अलार्म देऊन उभं राहिलं, म्हणून तरी ती सापडली.

एरवी जोडलेले अनेक होम स्विच कंट्रोलरच्या एका पिनवर आणायचे तर एकसर जोडा. एरवी सुटे असतील तर समांतर. जीआरबीएलमध्ये (कंट्रोलरवर चालणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) एरवी जोडलेल्यासाठी डॉलर-पाच ($5) हे सेटिंग १ करावं लागतं, नाहीतर स्विच सतत दाबलेलाच दिसतो.

'होम'चं 'घर' करू नका. 'शून्य'ही नको, कारण कामाचं शून्य आपण लाकडावर कुठेही धरतो. 'मूळस्थान' ठीक आहे. एकच स्विच मूळस्थानही दाखवू शकतो आणि सीमाही, म्हणून नाव कामावरून द्या.

इमर्जन्सी स्टॉप मात्र तसाच ठेवा. 'थांबा' म्हटलं की प्रोग्रॅम थांबवणं वाटतं, आणि ते विरामाचं बटण वेगळं. या लाल बटणाने कॉन्टॅक्टर (विजेवर चालणारा मोठा स्विच) सुटून स्पिंडल (कटर फिरवणारी मोटर) आणि मोटर ड्रायव्हरचा पुरवठाच तुटला पाहिजे, नुसता कंट्रोलरला निरोप जाऊन भागत नाही.

प्रश्नकर्ता :
दोघांचेही आभार. वाक्य असं बदललं : 'एरवी जोडलेलं टर्मिनल घ्या. आधी वीज काढा, वायर सोडवा, मल्टिमीटर कंटिन्युइटीवर ठेवून दोन प्रोब लावा. बटण न दाबता बीप वाजली पाहिजे, दाबताच ती थांबली पाहिजे.' मित्राला पुन्हा वाचायला दिलं. या वेळी त्याने काही न विचारता टर्मिनल बरोबर निवडलं.